न रागावणारी मास्तरीण

‘टाक तो मोबाईल आणि पुस्तक घे हातात!’ हे वाक्य घरोघरी दिवसातून दहा वेळा तरी ऐकू येतं. मीही ते म्हणत आलेय. पण पुस्तक हातात घेऊनही ज्याला वाचताच येत नाही, त्या मुलानं काय करायचं?

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. ग्रामीण भागात होणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीनुसार, देशातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरातल्या जेमतेम तेवीस-चोवीस मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. शहरातली मुलं हुशार, असं समजून आपण निर्धास्त राहू नये. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी २०२२च्या जूनमध्ये चौथीत गेली. पहिली संपता संपता करोना आला, दुसरी-तिसरी बरीचशी घरातच गेली. मराठीचा धडा ती घडाघडा म्हणून दाखवायची. मावशी खूष! त्यांना स्वतःला अक्षरओळख नाही, त्यामुळे लेक वाचत नाही, पाठ म्हणतेय, हे त्यांना कळणार कसं? मी मधलंच एक पान काढून दिलं, तर पोर एकदम गप्प. खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत बसली.

वाचता येणं किती अवघड असतं ते आपण मोठं झाल्यावर विसरूनच जातो. तीसहून जास्त व्यंजनं, त्या प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे नुसती तीच साडेतीनशे-चारशे चिन्हं झाली. वर जोडाक्षरं वेगळीच. ‘कि’मधली वेलांटी काढायची आधी, म्हणायची नंतर. आणि तो ‘र’! प्रकाशात एक, ट्रकमध्ये दुसरा, सूर्यात डोक्यावर चढलेला आणि कैऱ्यांमध्ये आणखी निराळा. पोरांनी गोंधळू नये तर काय करावं?

माझ्या भाचीनं जुन्या फोनवर एक ॲप घालून दिलं. गुगलनं ते २०१९ साली भारतात ‘बोलो’ नावानं आणलं, २०२०मध्ये त्याचं ‘रीड अलाँग’ झालं, मराठी गोष्टीही आल्या. पडद्यावर गोष्ट येते, मूल मोठ्यानं वाचतं आणि ‘दिया’ नावाची चित्रातली मुलगी ते ऐकते. शब्द अडला तर त्यावर बोट ठेवायचं, ती म्हणून दाखवते. बरोबर आलं की शाबासकी आणि तारे. एकदा गोष्टी उतरवून घेतल्या की इंटरनेटही लागत नाही. कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मोस्टो यांनी मुलांचं वाचन ऐकणारा संगणक १९९०च्या दशकातच तयार करायला घेतला होता. फिनलंडमध्ये ‘ग्राफोगेम’ नावाचा खेळ आहे. त्यात आवाज ऐकून त्याचं अक्षर पकडायचं असतं.

मावशींचा फोन दिवसभर त्यांच्याबरोबर कामावर आणि संध्याकाळी मोठ्या मुलाच्या हातात. मुलीची पाळी येणार कधी? म्हणून ती शाळा सुटली की आमच्याकडे यायची. रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. पहिल्या दिवशी माझ्याकडे पाठ करून बसली. एक शब्द सात वेळा चुकली आणि सातही वेळा त्या दियानं तितक्याच गोड आवाजात तो म्हणून दाखवला. खरं सांगू? तिसऱ्या वेळी माझा आवाज नक्की चढला असता. वर्गात चाळीस मुलांसमोर अडखळलं की हसं होतं. इथे हसायला कोणी नव्हतं.

पण सगळं आलबेल होतं असंही नाही. पंखा मोठा केला किंवा कुकरची शिट्टी झाली की ती यांत्रिक मास्तरीण गोंधळायची. ‘होता’ला ‘व्हता’ म्हटलं की शब्द परत द्यायची. ‘बरोबरच म्हटलं की, काकू!’ म्हणून पोरगी चिडायची. बरोबरच होतं तिचं, तिच्या घरी तसंच बोलतात. शिवाय ताऱ्यांच्या लोभानं ती एकच सोपी गोष्ट पुन्हा पुन्हा काढायची. एकदा ‘कालवा’ शब्द झकास वाचला. कालवा म्हणजे काय विचारलं, तर म्हणे, ‘भात कालवतात ते.’ तेव्हापासून गोष्ट संपली की फोन बाजूला ठेवायचा आणि मला ती तोंडी सांगायची, असा नियमच केला. माझ्या मते खरं काम तिथेच झालं. पोराच्या हातात नुसतं यंत्र देऊन आपण मालिका बघत बसलो, तर ते तारेच गोळा करत राहील.

आणखी एक. काही मुलांना दोन-तीन महिने नियमित सराव करूनही अक्षरं जुळत नाहीत. तो आळस नसतो, ‘डिस्लेक्सिया’ असू शकतो. ‘तारे जमीं पर’मुळे हा शब्द २००७मध्ये घरोघरी पोचला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि मराठीतूनही तपासणी करता यावी म्हणून राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं २०१५मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच काढला. मुलाला ‘ढ’ ठरवण्याआधी तज्ज्ञांना दाखवावं.

मावशींच्या मुलीला तशी अडचण नव्हती. दिवाळीपर्यंत ती साधे शब्द सुटे वाचू लागली, संक्रांतीच्या सुमारास जोडाक्षरांशी झटापट करत अख्खी गोष्ट. एक दिवस बचत गटाच्या पासबुकातल्या नोंदी तिनं आईला वाचून दाखवल्या. दोनशे रुपये चढवायचे राहिले होते, तेही तिनंच काढलं.

मग एका दुपारी पोळ्या झाल्यावर मावशींनी हात पुसत हळूच विचारलं, ‘ताई, त्या बाईला माझं ऐकू येईल का हो?’ लेकीनं लगेच आईला शेजारी बसवून घेतलं. ‘आई’ जमलं, ‘आमचा’ अडलं, पुन्हा अडलं. ‘अगं आई, किती वेळा सांगू?’ पोरगी करवादली.

मावशी म्हणाल्या, ‘तू सरक गं. तुझ्यापेक्षा ती बाई बरी.’