मुलांच्या डोक्यातील खवडे : दुखणे बुरशीचे, उपचार पोटातून

प्राथमिक शाळेच्या पहिली-दुसरीच्या वर्गात डोक्याला रुमाल गुंडाळून बसलेले एखादे मूल शिक्षकांच्या पाहण्यात अधूनमधून येतेच. रुमाल सोडावयास ते तयार नसते. शेजारच्या मुलाचे कोपर लागले तरी कळवळते. काही दिवसांनी त्याची गैरहजेरी सुरू होते आणि चौकशी केली असता, "डोक्यात खवडे झाले आहेत, बरे झाले की येईल," असे घरून सांगण्यात येते. खवडे हा शब्द आपल्याकडे डोक्यातील खपल्या, फोड व चिघळलेल्या जखमा या सर्वांसाठी सरसकट वापरला जातो. या एका शब्दाखाली निरनिराळे आजार दडलेले असतात. त्यांपैकी एक असा आहे की, त्यावर भलताच उपचार झाला किंवा उपचारास विलंब झाला तर मुलाच्या डोक्यावर केस नसलेला चट्टा जन्मभर राहू शकतो. हा आजार म्हणजे डोक्याचे गजकर्ण आणि त्याचे उग्र, वेदनादायक रूप.

बुरशी केसात शिरते

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीमुळे होणारा त्वचारोग आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. अंगावर उठणाऱ्या गजकर्णाची बुरशी त्वचेच्या वरच्या थरात राहते. डोक्यावरची बुरशी मात्र केसाच्या मुळाशी उतरते व प्रत्यक्ष केसातच वस्ती करते. केस, नखे आणि त्वचेचा वरचा थर ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात, तेच या बुरशीचे अन्न होय. पोखरला गेलेला केस त्वचेलगत तुटतो. म्हणून डोक्यावर कोंड्यासारख्या पापुद्र्यांचा, विरळ केसांचा गोल चट्टा दिसतो व त्यात तुटक्या केसांची टोके काळ्या ठिपक्यांप्रमाणे उमटलेली असतात.

हा रोग मुख्यतः तीन ते दहा वर्षे वयाच्या मुलामुलींना होतो. वयात आल्यानंतर डोक्याच्या त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात आणि त्या स्रावातील काही घटक बुरशीला मानवत नाहीत, असे मानले जाते. आपल्या देशात आढळणाऱ्या बुरशीच्या जाती बहुतांशी माणसाकडून माणसाकडे जातात. एकच फणी, एकच टोपी, एकच टॉवेल, एका उशीवर झोपणारी भावंडे, हा तिचा नेहमीचा मार्ग. काही जाती कुत्र्या-मांजरांपासून, तर काही गाई-वासरांपासूनही येतात. गोठ्यातील वासराच्या तोंडाभोवती किंवा मानेवर राखाडी, खपलीदार चट्टे असतील आणि घरातील मूल त्याच्याशी खेळत असेल, तर हा संबंध ध्यानात घ्यावयास हवा.

गळू नव्हे

बुरशी पुष्कळदा महिनोन् महिने फारसा त्रास न देता राहते. परंतु काही मुलांचे शरीर तिचा तीव्र प्रतिकार करते. चट्ट्याच्या जागी त्वचा लाल होऊन फुगते, दाबल्यास लिबलिबीत लागते आणि अनेक छिद्रांतून पूसारखा द्रव पाझरू लागतो. केस एकमेकांना चिकटतात, पिवळसर खपली धरते, मानेतील व कानामागील गाठी सुजतात. कधी बारीक तापही येतो. वैद्यकशास्त्रात यास केरिऑन म्हणतात. मधाचे पोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले आहे. पाझरणारी छिद्रे ज्याने पाहिली असतील त्याला ते नाव समर्पक वाटेल.

खरी चूक होते ती येथेच. ही सूज हुबेहूब पिकलेल्या गळवासारखी दिसते. त्यामुळे ती कापून पू काढण्याकडे कल होतो, नाहीतर प्रतिजैविकांचे एकामागून एक डोस दिले जातात. कापण्याने काहीच साधत नाही. आत गळवासारखा साठलेला पू नसतो आणि जखमेचा वण मात्र वाढतो. जंतुसंसर्गाची जोड मिळाली असेल तरच प्रतिजैविकाचा उपयोग होतो, मूळ बुरशीवर त्याचा परिणाम होत नाही. दोहोंतील फरक ओळखण्याची एक साधी खूण आहे. केरिऑनच्या जागेवरील केस चिमटीत धरून हलकेच ओढले तर ते फारसे न दुखता सहज निघून येतात. गळवावरचे केस तसे निघत नाहीत. निश्चित निदानासाठी तुटके केस व पापुद्रे काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. ही तपासणी सोपी व स्वल्पखर्चाची आहे.

अर्थात डोक्यातील प्रत्येक दुखणे बुरशीचे नसते. मानेच्या बाजूस, केसांच्या कडेला फोड व पिवळ्या खपल्या असतील तर प्रथम उवा-लिखा पाहाव्यात. खाजवून झालेल्या जखमा जंतूंनी चिघळलेल्या असण्याचा संभव अधिक. उन्हाळ्यात होणारी गळवे ही खरोखरीची गळवे असू शकतात. तान्ह्या बाळाच्या टाळूवरील तेलकट खपली बहुधा निरुपद्रवी असते व आपोआप जाते. चाई पडली असता त्या जागी त्वचा गुळगुळीत असते, पापुद्रे नसतात व वेदनाही नसते.

घरगुती उपायांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. खोबरेल तेल लावून खपली मऊ करण्यास हरकत नाही. परंतु बिब्ब्याचे तेल लावल्याने त्वचा भाजून निघते, रॉकेलने तीच गत होते, आणि उघड्या जखमेवर शेण किंवा राख लावणे म्हणजे धनुर्वाताला आमंत्रण देणे होय. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले मलमही कमी घातक नाही. अशा अनेक मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज व लाली चार दिवस कमी भासते, आत बुरशी मात्र फोफावते. देशात गेल्या दशकात गजकर्ण हट्टी झाले, त्यास या मलमांचा बेसुमार वापर हे एक कारण असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत.

औषध पोटातूनच का

या रोगावर पोटातून घ्यावयाचे औषध उपलब्ध होण्यापूर्वी त्याने युरोपातही मोठी चिंता निर्माण केली होती. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात अशा मुलांसाठी वेगळी शाळा चालविली जात असे, कारण इतर शाळा त्यांना घेत नसत. तेथील डॉ. रेमंड साबुरो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी क्ष-किरणांनी सर्व केस गाळून टाकण्याची पद्धत प्रचारात आणली. केसाबरोबर बुरशीही जाई. ही पद्धत जगभर पसरली. इस्राएलमध्ये १९५०च्या सुमारास स्थलांतरित कुटुंबांतील हजारो मुलांवर ती वापरण्यात आली. त्यांपैकी अनेकांना पुढे डोक्याच्या व मानेच्या गाठी, तसेच कर्करोग झाल्याचे १९७४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले, आणि १९९४मध्ये त्या देशाला नुकसानभरपाईचा कायदा करावा लागला. दरम्यान १९३९मध्ये एका बुरशीपासूनच वेगळे काढण्यात आलेले ग्रिसिओफुल्विन हे द्रव्य पोटातून दिल्यास गजकर्ण बरे करते, असे १९५८मध्ये सिद्ध झाले व क्ष-किरणांचा तो अध्याय संपला.

वरून लावलेले मलम केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. पोटातून घेतलेले औषध रक्तावाटे मुळाशी जाते व नव्याने तयार होणाऱ्या केसात साठते. त्या केसात बुरशीला शिरकाव मिळत नाही. बाधित केस हळूहळू वर सरकून निघून जातो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, हे लक्षात घेतले म्हणजे औषध सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ का द्यावे लागते हे समजते. ग्रिसिओफुल्विन दुधाबरोबर किंवा तूप-तेल असलेल्या जेवणानंतर दिल्यास शरीरात चांगले शोषले जाते. टर्बिनाफिन हे दुसरे औषधही वापरले जाते. कोणते औषध व किती, हे मुलाचे वजन व बुरशीची जात पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आठवड्यातून दोनदा बुरशीनाशक शांपूने डोके धुतल्यास संसर्ग पसरण्यास आळा बसतो. मात्र केवळ शांपूने रोग बरा होत नाही.

उपचारात खंड पडण्याची दोन कारणे नेहमी आढळतात. पहिले, दोन आठवड्यांत वेदना थांबते आणि पालक औषध बंद करतात. दुसरे कमी परिचित आहे. औषध सुरू झाल्यावर काही मुलांच्या अंगावर, विशेषतः चेहरा, हात व धडावर बारीक खाजरे पुरळ उठते. ही बुरशीविरुद्ध शरीराचीच प्रतिक्रिया असू शकते. परंतु औषध बाधले असा समज होऊन ते फेकून दिले जाते. अशा वेळी औषध थांबवावयाचे की नाही, हे डॉक्टरांना दाखवूनच ठरवावे.

शाळा आणि गाव

मुलाला घरी बसविण्याची आवश्यकता नाही. योग्य उपचार सुरू झाल्यानंतर ते शाळेत येऊ शकते, आणि ही गोष्ट मुख्याध्यापकांनी पालकांना स्वतःहून सांगणे इष्ट ठरेल. डोके भादरण्याचीही गरज नसते. मुलीच्या बाबतीत तर केस काढल्याने शाळा कायमची सुटण्याचा धोका असतो. घरातील इतर मुलांची डोकी मात्र तपासून घ्यावीत. लक्षणे नसतानाही भावंडांच्या केसात बुरशी असू शकते व औषध संपताच रोग पुन्हा उलटतो. फणी, टोपी व टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. गावातील केशकर्तनालयात यंत्र व कंगवा प्रत्येक मुलानंतर निर्जंतुक केला जावा, यासाठी ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी व्यावसायिकांशी दोन शब्द सौजन्याने बोलले तर काम भागते. या रोगाचा ठपका त्यांच्यावर ठेवण्याचे कारण नाही.

२०१३पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बुरशीजन्य त्वचारोगांचा समावेश आहे. फिरते आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणीसाठी येते. त्या दिवशी रुमाल बांधलेले मूलच नेमके गैरहजर राहते, असा अनुभव आहे. त्याला बोलावून आणण्याचे काम आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी मिळून करावे. पथकाच्या भेटीस अवकाश असेल तर वाट न पाहता मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. उपचार सुरू झाल्याची तारीख वर्गशिक्षकांनी हजेरीपटावर टिपून ठेवली, तर सहाव्या आठवड्यात मुलाला पुन्हा तपासणीस पाठविण्याची आठवण राहील. तोवर चट्ट्याच्या कडेने बारीक लव दिसू लागलेली असते. पूर्ण केस येण्यास आणखी काही महिने लागतात, हे पालकांना आधीच सांगून ठेवावे.