फौंड्रीची धूळ बेळगावात, तपासणारी केंद्रे पाचशे किलोमीटरवर

बेळगाव : उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि आसपासच्या गावांत फौंड्रीच्या कामावर चालणारी घरे गल्लोगल्ली सापडतात. ऑर्डरी वाढल्या की घटल्या, विजेचा दर किती झाला, कच्चा माल कितीला पडतो, याची चर्चा चहाच्या टपरीवरसुद्धा होते. छातीची चर्चा मात्र होत नाही. खोकला सुरू झाला की आधी मेडिकलमधून औषध, मग गावातला डॉक्टर, मग छातीचा फोटो, आणि फोटोत डाग दिसले की टीबीचा कोर्स. सहा महिने गोळ्या खाऊनही दम कमी होत नाही, तेव्हा कुणीतरी विचारतं, ‘काम काय करतोस?’ खरं तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा.

कामामुळे होणारे आजार आणि अपघात टाळणे एवढ्याच कामासाठी उभारलेली सरकारी केंद्रे देशात आहेत. त्यांची माहिती कारखान्याच्या ऑफिसात थोडीफार असते, शॉपफ्लोअरवर जवळपास नसते. बेळगावच्या कामगाराला त्यातले कोणते केंद्र लागू पडते आणि तिथपर्यंत पोचायचे कसे, हे समजून घ्यायला आधी धूळ समजून घ्यावी लागते.

दिसणारी धूळ आणि न दिसणारी धूळ

मोल्डिंगची वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. वाळू ओली आहे तोवर ती फारशी उडत नाही. ओतकाम झालं, साचा तापून कोरडा झाला आणि नॉकआउटला फोडला की वाळूचे कण फुटून हवेत जातात. पुढे फेटलिंगला ग्राइंडर कास्टिंगवर चिकटलेली वाळू घासतो, त्यातून आणखी बारीक धूळ निघते. शॉट ब्लास्टिंगच्या मशीनचा दरवाजा नीट बसत नसेल तर ती शेडभर पसरते. आणि ज्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही असं एक काम म्हणजे इंडक्शन भट्टीचं जुनं लायनिंग फोडणं. ते लायनिंग सिलिकाच्या रॅमिंग मासचं असतं. काम थोड्या वेळाचं, पण त्या थोड्या वेळात छातीत जाणारी धूळ फार.

डोळ्याला दिसते ती धूळ बहुतेक नाकात-घशात अडकते, शिंकरली की काळी बाहेर येते, आणि कामगाराला वाटतं धूळ निघून गेली. खरी घातक धूळ दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा धरला, तर फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण ५ मायक्रॉनच्याही खालचे असतात. ते तिथे बसतात, शरीर त्यांच्याशी झगडतं आणि त्या जागी व्रणासारख्या गाठी तयार होतात. हाच सिलिकोसिस. साधारणपणे दहा-वीस वर्षांनी तो लक्षात येतो, धूळ फार असेल तर बराच आधी. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. काम सोडलं तरी तो पुढे वाढू शकतो. सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याची शक्यताही जास्त असते, म्हणून दोन्हींची गल्लत होते आणि कधी कधी दोन्ही एकत्रच असतात. श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका माणसात कॅन्सर घडवते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९७ मध्येच नमूद केले आहे.

फॅक्टरीज अॅक्टच्या दुसऱ्या परिशिष्टात या धुळीची मर्यादा एका सूत्राने दिली होती : १० भागिले, धुळीतल्या क्वार्ट्झच्या टक्केवारीत २ मिळवून येणारा आकडा. धूळ पूर्ण क्वार्ट्झची असेल तर हे उत्तर घनमीटर हवेत जेमतेम ०.१ मिलिग्रॅम येते. मिठाचे एक-दोन कण कुटून मोठ्या लाकडी खोक्याएवढ्या हवेत मिसळावेत, इतकेच. अमेरिकेने २०१६ मध्ये आपली मर्यादा त्याच्याही निम्म्यावर, ०.०५ वर आणली. इतक्या कमी धुळीचा अंदाज नजरेने येत नाही. कामगाराच्या कॉलरला छोटा पंप लावून पाळीभर हवा खेचावी लागते, फिल्टर वजन करून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. सरकारी केंद्रांचं खरं काम इथून सुरू होतं.

कुठे कोणते केंद्र

अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था ही यातली मुख्य. आयसीएमआरची ही संस्था १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९७० पासून आजच्या नावाने ओळखली जाते. तिचे दक्षिणेचे केंद्र १९७७ पासून बंगळूरमध्ये असून आता ते देवनहळ्ळी भागात आहे. पूर्वेचे कोलकात्यात. खाण कामगारांसाठीची वेगळी संस्था १९९० मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावी नोंदवली गेली होती. तिचे काम पुढे नागपुरातून चालले आणि २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ती अहमदाबादच्या संस्थेत विलीन केली. कोलारचे नाव इथे सहज आलेले नाही. भारतातल्या सिलिकोसिसच्या सुरुवातीच्या पाहण्या तिथल्याच खाण कामगारांच्या आहेत.

दुसरी साखळी केंद्रीय श्रम मंत्रालयाची. मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे आणि चेन्नई, कोलकाता, कानपूर, फरीदाबाद, शिलाँग येथे प्रादेशिक संस्था आहेत. इथे कारखान्यातली हवा, आवाज, उष्णता मोजली जाते, कारखान्याच्या डॉक्टरांना औद्योगिक आरोग्याचा कोर्स शिकवला जातो, आणि यंत्रांना गार्ड कसे असावेत, धूळ ओढणारी यंत्रणा कशी असावी, याचे कायमचे प्रदर्शनही आहे. फौंड्री मालक स्वतः पत्र लिहून, फी भरून इथून पाहणी करून घेऊ शकतो. जुन्या फॅक्टरीज अॅक्टच्या कलम ९१-अ मध्ये अशी पाहणी सरकारने स्वतःहून करण्याचीही तरतूद होती.

तिसरी साखळी ईएसआयची. तिची व्यावसायिक आजार केंद्रे मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई आणि इंदूर येथे आहेत. इंदूरचे केंद्र नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलशी जोडलेले आहे.

आता बेळगावातून हिशेब लावून बघा. बंगळूर पाचशे किलोमीटर, मुंबईही साधारण तेवढीच, अहमदाबाद त्याच्या दुप्पट. गंमत म्हणजे आयसीएमआरची एक राष्ट्रीय संस्था खुद्द बेळगावात, नेहरूनगरला आहे, पण तिचा विषय पारंपरिक औषधे. दिवसाच्या हजेरीवर जगणारा फेटलर पगार बुडवून मुंबईला छाती दाखवायला जाणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे केंद्र कामगारापर्यंत यायचे तर मधली माणसे हलली पाहिजेत : कारखान्याचा डॉक्टर, ईएसआय दवाखान्याचा डॉक्टर, जिल्हा रुग्णालयातला छातीचा विभाग आणि कारखाने खात्याचे निरीक्षक.

हे झाले तर काय होते, याचे उदाहरण मध्य प्रदेशातल्या मंदसौरचे आहे. तिथे पाटीवरच्या पेन्सिली कापणारे कामगार धुळीत बसून काम करीत. अहमदाबादच्या संस्थेने १९८० च्या दशकात त्यांची तपासणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त जणांना सिलिकोसिस निघाला. त्या कामगारांसाठी राज्याने वेगळे कल्याण मंडळ केले, कटाईच्या मशीनवर धूळ ओढणारी यंत्रणा आली. याउलट गोष्ट अलीराजपूर-झाबुआच्या आदिवासी मजुरांची. ते गुजरातेत गोध्राकडे क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत गेले आणि आजार घेऊन परतले. मृत २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये दिला. तोवर कित्येक वर्षे गेली होती.

नोंद का होत नाही

फॅक्टरीज अॅक्टमध्ये २९ आजारांची यादी होती, त्यात सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे, आवाजाने येणारा बहिरेपणाही आहे. यातला आजार आढळला की कारखान्याच्या मॅनेजरनेच नव्हे, तर तपासणाऱ्या खासगी डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकांना लेखी कळवायचे, अशी सक्ती होती. न कळवणाऱ्या डॉक्टरला दंड होता १००० रुपयांपर्यंत. एवढ्या रकमेला कोण घाबरणार! पण दंडापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. सिलिकोसिसचा फोटो वाचणे हे ठरावीक शिक्षणाचे काम आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या प्रमाणित फिल्म शेजारी ठेवून, डाग किती आणि कोणत्या आकाराचे हे ठरवावे लागते. ते शिकलेला डॉक्टर जवळ नसेल तर ‘जुना टीबी’ असे लिहून मोकळे होणे सोपे पडते. केंद्रांचा उपयोग इथे दुसऱ्या मतासाठी होतो. अहमदाबादच्या संस्थेने रक्तातल्या सीसी-१६ या प्रथिनावरून फुफ्फुसाचे नुकसान लवकर ओळखण्याची चाचणीही विकसित केली आहे. फोटोत डाग यायच्या आधी धोका कळला तर माणसाला धुळीच्या कामावरून हलवता येते. आजार वाढू न देण्याचा तोच एक मार्ग आहे.

राजस्थानने २०१९ च्या धोरणात जिल्हा पातळीवर यासाठी वैद्यकीय मंडळे ठेवली. प्रमाणपत्र मिळाले की ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख. मदत दारात आली की तपासणीला रांग लागते, आणि रांग लागली की आजाराचा खरा आकार दिसतो. सीमाभागाच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी हे बघण्यासारखे आहे.

पैशांची बाजू

ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के जातात, पगाराची मर्यादा २१ हजार. १५ हजार पगार असेल तर कामगाराचे ११३ आणि मालकाचे ४८८ रुपये. हे पैसे कापले जातात ते फक्त सर्दी-तापाच्या गोळ्यांसाठी, असा समज आहे. प्रत्यक्षात ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत सिलिकोसिस आणि सिलिकोसिससह झालेला टीबी दोन्ही आहेत. ठरावीक काळ त्या कामात असलेल्याला यादीतला आजार झाला तर तो कामावरची इजा धरला जातो. तात्पुरते अपंगत्व असेल तर सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमचे असेल तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवते आणि त्या प्रमाणात आयुष्यभर लाभ मिळतो. म्हणजे कागदावर ‘टीबी’ लिहिले की ‘सिलिकोसिस’, यावर घराचा पुढचा सगळा हिशेब अवलंबून आहे.

ठेकेदाराकडे असलेल्यांचे प्रश्न इथेच सुरू होतात. ठेकेदार बदलला की कागद बदलतात. एकाच शेडमध्ये पंधरा वर्षे काढलेला माणूस कागदावर पाच ठिकाणी तीन-तीन वर्षे दिसतो. दहाच्या आत कामगार दाखवणाऱ्या जॉबवर्कच्या शेडमध्ये तर ईएसआयच नसते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि फॅक्टरीज अॅक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेने घेतली. चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करायची, असे केंद्र सरकारने तेव्हा जाहीर केले. ही जमेची बाजू. पण विजेवर चालणारा ‘कारखाना’ ठरण्यासाठी आधी १० कामगार पुरत, आता २० लागतात. फौंड्र्यांच्या पट्ट्यात ही बाब लहान नाही. दुसरीकडे, केंद्राने धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करता येईल, अशी सोय सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. कामगार संघटनांनी मागणी लावून धरावी तर ती इथे. तपासणीचेही तसेच. वजन, रक्तदाब, साखर बघून सही घेणारी तपासणी फेटलरच्या काहीच कामाची नाही. त्याला छातीचा फोटो, फुंकून करायची फुफ्फुसाची चाचणी आणि कानाची तपासणी हवी.

सीमेची अडचण

बेळगाव, निपाणीकडचे कामगार कागल, गोकुळ शिरगावला जातात, तिकडचे इकडे येतात. ईएसआयचा नंबर दोन्हीकडे चालतो, पण कारखाने खाती वेगळी. बेळगावच्या कारखान्यावर कर्नाटकचे कारखाने व बॉयलर्स खाते, कोल्हापूरच्या कारखान्यावर महाराष्ट्राचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. आजार एका राज्यात भरलेला आणि माणूस दुसऱ्या राज्यात झोपलेला, अशी स्थिती येते तेव्हा तक्रार कारखाना ज्या राज्यात आहे तिथल्या खात्याकडे करायची.

भाषेचाही मुद्दा आहे, पण नेहमीच्या वादातला नव्हे. कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या, असे फॅक्टरीज अॅक्टच्या कलम १०८ मध्येच होते. आज नॉकआउटला उभा असलेला मुलगा मराठी असेल, कन्नड असेल, तसा बिहारचा किंवा ओडिशाचाही असेल. भट्टीशेजारच्या पाटीवर काय लिहिलंय हे त्याला कळायला हवं.

धूळ कमी करण्याचे उपाय कुणाला नवे नाहीत. झाडण्याआधी पाणी मारणे, कोरडा झाडू आणि अंगावर-कपड्यांवर एअरची नळी मारणे बंद करणे, ग्राइंडिंगच्या टेबलामागे धूळ ओढणारी नळी, ब्लास्टिंगच्या दरवाज्याचे रबर वेळेवर बदलणे. मास्क हा शेवटचा उपाय, आणि तोंडाला बांधलेला रुमाल म्हणजे मास्क नव्हे.

डॉक्टरकडे जाताना कामगाराने एका कागदावर लिहून न्यावे : कोणत्या साली कोणत्या शेडला, मोल्डिंगला की फेटलिंगला, किती वर्षे, ठेकेदार कोण. ‘कंपनीत आहे’ एवढे सांगून भागत नाही. तो कागद केसपेपरला लावून घ्यावा. जुने छातीचे फोटो फेकू नयेत. आजार वाढला की नाही हे दोन फोटो शेजारी ठेवूनच कळते. अशोकनगरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये किंवा जवळच्या ईएसआय दवाखान्यात व्यावसायिक आजाराची शंका लेखी मांडली, तर पुढच्या केंद्राकडे पाठवण्याची चिठ्ठी मागता येते. त्या चिठ्ठीची एक प्रत आणि ईएसआयचा नंबर घरातल्या माणसाकडेही असू द्यावा.