त्वरितेच्या उत्सवात रुग्णशय्येची आठवण

घटस्थापना झाली की गेवराई तालुक्यातील तलवाड्याची वाट भाविकांच्या पावलांनी गजबजू लागते. येथील आदिमाया त्वरिता या नावाने पूजिली जाते. त्वरिता म्हणजे सत्वर धावून येणारी. घरी दुर्धर व्याधीचा रुग्ण असलेली माणसेही याच नावाच्या ओढीने येतात, ओटी भरतात आणि मनोमन एकच मागणे मागतात. परंतु काही व्याधी त्वरेने हटत नाहीत. काही हटतच नाहीत. अशा घराने काय करावे, हा प्रश्न उत्सवाच्या गर्दीत कोणी विचारीत नाही, म्हणून तो आम्ही येथे मांडीत आहोत.

औषधोपचार तर चालू ठेवावयाचेच. बार्शीस वा छत्रपती संभाजीनगरास कर्करोग रुग्णालयाच्या फेऱ्याही चुकत नाहीत. पण घरी परतल्यावर रुग्णाच्या खोलीत एक विलक्षण शांतता पसरते. माणसे कुजबुजतात, डोळे चुकवितात. औषधाची वेळ सांगण्यापलीकडे बोलण्यास काही उरत नाही. सर्वांत कठीण ही शांतताच होय, असे आम्हांस वाटते.

कॅनडातील माँट्रिअल येथे डॉ. बाल्फर माउंट यांनी १९७५ साली रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात मरणासन्न रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष उघडला. तेथे सुझन मन्रो यांनी संगीताचा उपयोग केला आणि १९७८ साली दोघांनी मिळून त्यावर वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. या पद्धतीचे मर्म साधे आहे. रुग्णाचा श्वास ज्या गतीने चालतो त्या गतीने गाणे आरंभावयाचे आणि हळूहळू लय संथ करीत न्यावयाची. श्वासही बहुधा मागोमाग येतो. २०२१ साली कर्करुग्णांवरील ८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. संगीताने प्रौढ रुग्णांची चिंता, वेदना व थकवा कमी होऊ शकतो, असे त्यात आढळले. मात्र पुरावा अद्याप भक्कम नाही, हेही त्याच आढाव्याने सांगितले. रोग गाण्याने बरा होतो, असे सांगणाऱ्यापासून चार हात दूरच राहावे.

आपल्याकडे शिकलेले संगीतोपचारक गावोगाव कोठून मिळणार? पण मराठवाड्यात आराधी मंडळींची गाणी आहेत, संबळाचा ठेका आहे, पहाटेच्या ओव्या आहेत. अंथरुणाला खिळलेल्या आजीने ज्या ओव्या जात्यावर म्हटल्या, त्याच सुनेने उशाशी बसून हलक्या आवाजात म्हणाव्यात. गळा गोड नसला तरी चालेल. दिवसभर मलमूत्र आणि गोळ्या पाहणाऱ्या त्या सुनेलाही तेवढीच घटकाभर वेगळी सोबत मिळते. आजीला शब्द आठवला आणि तिने पुढची ओळ जोडली, तर त्या घरी कित्येक दिवसांनी संभाषण झाले असे समजावे.

रुग्ण प्रतिसाद देईनासा झाला तरी गाणे लगेच थांबवू नये. व्हँकुव्हर येथील संशोधकांनी २०२० साली अखेरच्या घटकांतील काही निश्चेष्ट रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा ते ध्वनीला प्रतिसाद देत असल्याचे दिसले. त्यांना अर्थ उमगत होता किंवा नाही, ते मात्र त्यावरून ठरत नाही.

मंडपातील कर्ण्याची गोष्ट निराळी. भिंतीपलीकडे आजारी माणूस असेल तर भक्तिगीतही त्यास छळच ठरते. मंडळांनी तेवढा विवेक ठेवावा. आणि घरातील मंडळींनी गाण्यापूर्वी रुग्णास विचारावे. त्याने हाताने ‘पुरे’ अशी खूण केली, तर टाळ तेथेच खाली ठेवावेत.