पटसंख्येची सरासरी आणि वर्गातील वास्तव

शिक्षणाच्या प्रगतीचा ताळेबंद मांडताना शासकीय अहवाल ज्या आकड्यावर सर्वाधिक विसंबतात, तो आकडा म्हणजे विद्यार्थी-शिक्षक प्रमाण. एकूण विद्यार्थ्यांना एकूण शिक्षकांनी भागले की तो मिळतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याने पहिली ते पाचवीसाठी तीस विद्यार्थ्यांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. जिल्ह्याची सरासरी या मर्यादेच्या आत आली की प्रशासन समाधानाचा सुस्कारा सोडते. परंतु सरासरी वर्गात बसत नाही. वर्गात बसतात ती मुले. आणि शहरातील कित्येक वर्गांत ती साठ-साठ, सत्तर-सत्तर बसतात, हे कोणाही पालकाला ठाऊक आहे.

ही विसंगती कशी निर्माण होते, हे समजण्यासाठी अहिल्यानगरसारखा जिल्हा दुसरा नाही. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्राचा आणि चौदा तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगराळ आदिवासी पाड्यांपासून पाथर्डी-जामखेडच्या अवर्षणग्रस्त माळरानापर्यंत विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा आहेत. वस्ती लहान म्हणून शाळा लहान. आणि साठपर्यंत पट असला तरी कायद्याने दोन शिक्षक द्यावेच लागतात. उलटपक्षी, अहमदनगर नगरपालिकेची 2003 साली महानगरपालिका झाली, सावेडीसारखी उपनगरे वाढली, औद्योगिक वसाहतींभोवती कामगारवस्ती दाटली. पण त्या वेगाने शाळांच्या तुकड्या व शिक्षकांची पदे वाढली नाहीत.

एक साधा हिशेब घ्यावा. वाड्यांवरील सहा शाळांत प्रत्येकी वीस मुले व दोन शिक्षक आहेत. शहरातील एका शाळेत दोनशे चाळीस मुले व चार शिक्षक आहेत. एकूण मुले तीनशे साठ, शिक्षक सोळा. सरासरी निघते साडेबावीस, म्हणजे कायद्याच्या निकषाहूनही उत्तम! प्रत्यक्षात मात्र दर तीन मुलांपैकी दोन मुले साठांच्या वर्गात बसलेली आहेत. शिवाय वाडीवरील मुलांनाही या सरासरीचा लाभ मिळतोच असे नाही. तेथे दोन शिक्षक चार-पाच इयत्ता एकाच वेळी सांभाळत असतात. अशा रीतीने एकच आकडा दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच वेळी झाकून टाकतो.

कायदा करणाऱ्यांना हा धोका दिसला नव्हता असे नाही. म्हणूनच हे प्रमाण जिल्ह्यात नव्हे, तर प्रत्येक शाळेत राखले पाहिजे असे कायद्याने स्पष्ट सांगितले आणि रिक्त पदे मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत असे बंधन घातले. तरीही त्याच कायद्याच्या अनुसूचीत एक पळवाट राहिली. प्राथमिक शाळेचा पट दोनशेच्या वर गेला की मुख्याध्यापक वगळून चाळीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक चालेल, अशी सवलत तेथे आहे. म्हणजे जेथे गर्दी अधिक, तेथे निकष सैल! नववी-दहावीचे वर्ग तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. आणि शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावरील याच वर्गांत शहरी अनुदानित शाळांतील दाटी अधिक जाणवते.

गर्दीची किंमत

पस्तीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला शिक्षकाची पस्तीस सेकंदे येतात. आणि ती मिळतात ती शिक्षक फळ्याकडे एकदाही वळला नाही तरच. एक वही तपासण्यास तीन मिनिटे धरली, तर एका वर्गाच्या वह्यांना तीन तास लागतात. साहजिकच वही तपासणे म्हणजे पानाच्या तळाशी सही करणे, असा अर्थ रूढ होतो. निबंध लिहून घेणे मागे पडते, प्रयोग शिक्षकाने करावयाचा व मुलांनी पाहावयाचा असे ठरते. पहिल्या दोन बाकांवरील मुले शिकतात. शेवटच्या बाकावरील मुलगा काय शिकला नाही हे कळेपर्यंत वर्ष संपते. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत तो ही तूट खासगी शिकवणीत भरून काढतो. हमालाच्या, मोलकरणीच्या किंवा यंत्रकामगाराच्या मुलाला ती सोय नसते. गर्दीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे यातील मर्म आहे.

‘पूर्वीही सत्तर-सत्तर मुलांचे वर्ग होतेच, त्यातूनच मोठी माणसे घडली’, असा युक्तिवाद केला जातो. त्या वर्गांतून घडलेली माणसे दिसतात. चौथी-पाचवीतून गळालेली दिसत नाहीत, एवढेच त्याला उत्तर आहे. मात्र वर्ग लहान केला की विद्या आपोआप येते, असेही समजू नये. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 पासून चार वर्षे चाललेल्या प्रयोगात तेरा ते सतरा मुलांच्या वर्गांतील बालके बावीस ते पंचवीस मुलांच्या वर्गांतील बालकांहून पुढे गेली आणि त्यातही वंचित गटांतील मुलांना अधिक लाभ झाला, हे खरे. परंतु पुढे 2019 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह मुंबई व बडोद्यातील महापालिका शाळांत ‘बालसखी’ उपक्रमाचा जो अभ्यास केला, त्यातून वेगळा बोध मिळतो. मागे पडलेल्या मुलांना वेगळे बसवून पायाभूत वाचन व गणित शिकविले, तेव्हा त्या मुलांची प्रगती झाली; मूळ वर्गात उरलेल्या मुलांना मात्र केवळ वर्ग लहान झाल्याने फारसा फायदा झाल्याचे आढळले नाही. तात्पर्य, शिक्षक हवा, आणि त्याला मुलाच्या पातळीवर उतरून शिकविण्याची मुभाही हवी.

वजाबाकीचे धोरण

शिक्षकच का मिळत नाहीत, याचे उत्तर तिजोरीत शोधावे लागते. शिक्षण खात्याच्या खर्चात वेतनाचा वाटा सर्वांत मोठा. म्हणून काटकसरीची पहिली कुऱ्हाड नेमणुकांवर पडते. महाराष्ट्रात 2000 साली अल्प मानधनाची शिक्षणसेवक योजना आली. मे 2012 मध्ये भरतीवर बंदी आली. 2017 मध्ये अभियोग्यता चाचणी व पवित्र पोर्टलची व्यवस्था झाली, त्यातून नेमणुका होण्यास 2019 उजाडले आणि पुढची चाचणी 2023 मध्ये झाली. भरती थांबली तरी निवृत्ती थांबत नाही. वर्षानुवर्षे न भरलेली जागा कागदावर ‘बचत’ ठरते. वर्गात ती शेजारच्या तुकडीची मुले आत घेऊन बसते.

पदे ठरविण्याची पद्धतही सदोष आहे. संचमान्यतेसाठी 30 सप्टेंबरचा पट धरला जातो आणि त्यातही आधार प्रमाणित विद्यार्थीच मोजले जातात. या जिल्ह्यात तर दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात, आणि राहाता, श्रीरामपूर, संगमनेरच्या कारखान्यांच्या परिसरात बाहेरच्या टोळ्या उतरतात. सप्टेंबरमध्ये मोजलेले मूल जानेवारीत तेथे नसते. जानेवारीत आलेले मूल कोणाच्याच मोजणीत नसते. त्यातच निवडणूक, मतदारयाद्या आणि जनगणना ही कामे शिक्षकांवरच येतात. पदावर असलेला शिक्षक वर्गात असतोच, असे गृहीत धरून काढलेले प्रमाण म्हणूनच फसवे ठरते.

यावर सोपा दिसणारा उपाय म्हणजे कमी पटाच्या शाळा बंद करून तेथील शिक्षक गर्दीच्या ठिकाणी हलविणे. 2023 साली समूह शाळांचा प्रस्ताव पुढे आला तो याच दिशेने. अर्थशास्त्राच्या भाषेत तो ‘कार्यक्षम’ वाटेल. परंतु वाडीवरील शाळा मिटली की चार किलोमीटरांची वाट मुलीच्या शिक्षणाचा शेवट ठरू शकते, ही किंमत त्या हिशेबात कोठेच धरलेली नसते. एका गरिबाच्या मुलाचा शिक्षक काढून दुसऱ्या गरिबाच्या मुलाला देणे, याला नियोजन म्हणता येणार नाही.

करावयाचे ते अशक्य नाही. प्रत्येक शाळेने जिल्ह्याच्या सरासरीऐवजी तुकडीनिहाय पट दरवर्षी फलकावर लावावा. शहरी शाळांना दिलेली चाळीसची सवलत रद्द करून तीसचाच निकष लावावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 तर वंचित वस्त्यांसाठी पंचविसांच्या आतील प्रमाण सुचविते. निवृत्तीच्या तारखा आधीच ठाऊक असतात. तेव्हा भरती चाचण्यांच्या लहरीवर न ठेवता दरवर्षी व्हावी. पटाची दुसरी मोजणी जानेवारीत व्हावी आणि हंगामी स्थलांतराच्या भागांत त्यानुसार तात्पुरते शिक्षक मिळावेत. महापालिकेच्या शाळा सुधारून पालकांचा विश्वास मिळविता आला, तर अनुदानित शाळांवरील दाबही हलका होईल.

याच नगरमध्ये 1839 साली सिंथिया फरार आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले तेही त्यांच्याकडेच. पुढे 1882 साली हंटर आयोगासमोर महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षावर बोट ठेवले आणि शिक्षक चांगला, प्रशिक्षित व पुरेशा वेतनाचा असावा असा आग्रह धरला. आधी शिक्षक घडवावा व मग शाळेकडून अपेक्षा करावी, हा क्रम त्या पिढीला समजला होता. शाळेच्या इमारती, संगणक आणि गणवेश यांच्या उद्घाटनांत रमलेल्या आजच्या राज्यकर्त्यांना तो पुन्हा शिकावा लागेल. तोवर शेवटच्या बाकावरील मुलाची वाट पाहण्याची पाळी संपणार नाही, आणि त्याचे बालपण मात्र कोणत्याही शासननिर्णयासाठी थांबणार नाही.