तीनदा वर्कशॉप म्हणजे नवी गाडी?

चेन्नईत नवी गाडी बिघडली की जरा जास्तच बोचतं. इरुंगट्टुकोट्टैला ह्युंदाईचा कारखाना, ओरगडमला रेनॉचा. गाड्या बनतात हाकेच्या अंतरावर आणि आपली मात्र दर पंधरवड्याला वर्कशॉपमध्ये. मग पार्किंगमध्ये कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "एकच बिघाड तीनदा झाला की कंपनीला नवी गाडी द्यावीच लागते."

तसं काही नाही. असे कायदे अमेरिकेत आहेत. कनेक्टिकट राज्यानं १९८२ साली पहिला केला. आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दोष दूर करणं, वस्तू बदलून देणं, पैसे परत, नुकसानभरपाई हे सगळं त्यात आहे, पण किती खेपांनंतर काय मिळेल याचा आकडा कुठेच नाही. २००६ साली मारुतीच्या एका गाडीच्या क्लचचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं आणि ग्राहकाला पन्नास हजार रुपये देवविले.

हे ऐकून हात टेकणारेही चुकतात. फोर्डची एंडेव्हर चेन्नईजवळच्या मरैमलै नगरात बनायची. तशाच एका गाडीत ऑइलगळती आणि इतर दोष निघाले. राज्य ग्राहक आयोगानं इंजिन बदलून द्यायला लावलं, तरी गाडी रस्त्यावर येण्याजोगी झाली नाही. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला ४२ लाख रुपये द्यायला सांगितलं. म्हणजे खेपा किती झाल्या याला फारसं महत्त्व नाही. भाग बदलूनही दोष राहतो का, आणि ते तुम्हाला दाखवता येतं का, यावर सगळं अवलंबून.

दाखवायचं कशावरून? "वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये सगळी नोंद असते" हा माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. नोंद असते ती सर्व्हिस अॅडव्हायझरच्या शब्दांत. तुम्ही दहा मिनिटं तळमळून सांगता आणि जॉब कार्डवर उमटतं, 'जनरल चेक-अप'. सही करण्याआधी तिथे आपलं वाक्य लिहून घ्यावं: 'एसी चालू असताना सिग्नलला इंजिन बंद पडतं, नंतर दोन मिनिटं स्टार्ट होत नाही.' खाली किलोमीटर आणि तारीख. तेच वाक्य पुढच्या कार्डावरही तसंच हवं, नाहीतर एका दोषाचे तीन वेगळे किरकोळ बिघाड होऊन बसतात. स्कॅनर लावला की बिघाडाच्या कोडबरोबर त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमानही बहुतेक वेळा दिसतं. कोड पुसला की हेही जातं. म्हणून आधी प्रिंट किंवा निदान फोटो घ्यावा. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिथेही हीच कागदपत्रं कामाला येतात.

आता उलट बाजू, कारण डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागला की गाडी सदोष, असंही नाही. एप्रिल २०२०पासून बीएस-सहा आलं आणि डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर बसला. ही काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापलेला राहावा लागतो. अड्यार ते मैलापूर शाळेची ने-आण, तीही सिग्नलला थांबत, एवढीच धाव असेल तर जळणं अर्ध्यावर तुटतं आणि काजळी साठत जाते. काजळी जाळण्यासाठी जास्तीचं फवारलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नये. फिल्टरचा दिवा नुसता लागला असेल तर जीएसटी रोडनं चेंगलपट्टूच्या दिशेनं वीसेक मिनिटं एका लयीत, फेरे दोन हजारांच्या वर ठेवून गाडी चालवली की बहुधा तो विझतो. इतकं करूनही परत परत लागत असेल तर सेन्सर किंवा इंजेक्टर तपासायला लावा. तिथून वॉरंटीचा प्रश्न सुरू होतो.

पुराच्या पाण्याचंही तसंच. मोठ्या पावसाचा इशारा आला की वेळच्चेरीच्या फ्लायओव्हरवर गाड्यांची रांग लागते, आणि ती लावणारे शहाणे आहेत. पाणी शिरलेलं इंजिन स्टार्ट केलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. त्याला कंपनी जबाबदार नाही, आणि विम्यातही बहुधा इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

"बाहेरच्या गॅरेजात बोनेट उघडलं की वॉरंटी गेली" हेही सरसकट खरं नाही. अशी सरसकट अट घालू नका, असा आदेश स्पर्धा आयोगानं २०१४ साली चौदा कंपन्यांना दिला. प्रकरण पुढे अपिलात गेलं. बाहेर केलेल्या कामामुळेच बिघाड झाला असेल तर गोष्ट वेगळी.

डीलर आणि कंपनी एकच, असं समजून एकावरच तक्रार करू नये. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११च्या मॉडेलऐवजी २००९ची, ६२२ किलोमीटर चाललेली गाडी मिळाली होती. डीलरच्या त्या वागण्याचा ठपका सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली कंपनीवर ठेवला नाही. दोष कारखान्यातला की विक्रीतला, हे आपल्याला सुरुवातीला कुठे ठाऊक असतं? दोघांनाही प्रतिवादी करावं.

गाडी पुण्यात घेऊन चेन्नईला बदली झालेल्यांना वाटतं, आता तक्रारीसाठी पुण्याच्या खेपा. २०१९च्या कायद्यानं राहत्या ठिकाणच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि वकील सक्तीचा नाही. दहा ते वीस लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, आणि ती वॉरंटी संपल्यापासून नव्हे, तक्रारीचं कारण घडल्यापासून मोजतात.