अळीची शिदोरी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या एका वाचकाने पोस्टकार्डावर विचारलं आहे, ‘शेणात आणि सडक्या भाजीत अळ्या वाढवून डिझेल काढतात असं वाचलं. आमच्याकडे शेणालाही तोटा नाही आणि सडक्या भाजीलाही. मग मूल-चंद्रपूर एसटी त्यावर का धावू नये?’ प्रश्न झकास आहे. उत्तराला मात्र आरमोरीवरून जावं लागेल.

गडचिरोलीतल्या आरमोरीच्या परिसरात मासेमारी करणारी ढीवर कुटुंबं येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाच्या अळ्या सोडतात आणि पाखरं-मुंग्यांपासून त्यांना राखत जंगलात दिवस काढतात. अळीला एकच काम, खाणं. पुढे कोषातून पतंग बाहेर येतो, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं! जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, आठवडाभर जगायचं, ते सगळं अळीपणी अंगात बांधून घेतलेल्या शिदोरीवर. ही शिदोरी म्हणजे चरबी. कोष उकळून धागा काढला तरी आतल्या किड्यात ती तशीच उरते.

डिझेलवाली अळी याच वळणाची. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या, लांबट माशीची ती अळी. माशी मूळची अमेरिकेकडची, आता उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरलेली. ती चावत नाही, आपल्या ताटावर घोंगावत नाही. पाणी आणि साठवलेली चरबी यांवर तिचं थोडक्या दिवसांचं आयुष्य निभतं. त्यामुळे अळी अधाशासारखी खाते. हजारो अळ्यांच्या ढिगाजवळ हात नेला की ऊब लागते आणि कान दिला तर पाचोळ्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज येतो. वाढ पुरी झाली की ती काळपट होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत चढणीला लागते. हौदाला तिरपी फळी लावून टोकाखाली बादली ठेवली की अळ्या आपणहून चढतात आणि बादलीत पडतात. वेचायला माणूस नको. अमेरिकेतल्या जॉर्जियात क्रेग शेपर्ड या कीटकशास्त्रज्ञाने कोंबड्यांच्या विष्ठेवर ही रीत बसवली आणि १९९४ मध्ये सहकाऱ्यांसह ती छापली. या सगळ्या कथेत मला शेपर्ड सर्वांत मोठा वाटतो, कारण त्याने आधी अळीचा स्वभाव पाहिला आणि मग त्याला साजेसा हौद बांधला.

या अळीच्या चरबीत खोबरेलासारखंच लॉरिक आम्ल भरपूर असतं. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्यासारखा क्षार घालून ती तापवली की ग्लिसरीन खाली बसतं, वर राहतं ते बायोडिझेल. जैविक तेलावरच्या इंजिनाची गोष्ट निघाली की सगळे रुडॉल्फ डिझेलचं नाव घेतात. पण तेलाचं असं रूपांतर करून ते इंधन म्हणून वापरण्याचं पेटंट १९३७ मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठाच्या शावान यांना मिळालं आणि १९३८ च्या उन्हाळ्यात पामतेलापासून केलेल्या त्या इंधनावर ब्रुसेल्स-लूव्हां मार्गावर प्रवासी बस धावली. म्हणजे आमच्या वाचकाची एसटी काही अशक्य नाही.

प्रश्न आहे हिशेबाचा. चीनमधल्या वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये आकडे दिले. सुमारे १,२४९ ग्रॅम ताजं शेण, १,२०० अळ्या, २१ दिवस. हाती आल्या ७०.८ ग्रॅम वाळलेल्या अळ्या आणि त्यातून बायोडिझेल १५.८ ग्रॅम. एक लिटर बायोडिझेल साधारण ८८० ग्रॅम भरतं. त्रैराशिक मांडा: एका लिटरला ७० किलो शेण आणि ६६ हजारांवर अळ्या! तेच शेण गोबरगॅसमध्ये घातलं तर? २५ किलोला एक घनमीटर गॅस, म्हणजे ०.६२ लिटर रॉकेलाइतकी उष्णता, हा जुना ठोकताळा. ७० किलोचा गॅस पावणेदोन लिटर रॉकेलाच्या जवळ जातो. त्यात ना अळ्या वाळवायच्या, ना मिथेनॉल विकत आणायचं. शिवाय स्लरी शेताला.

हा हिशेब आधी मांडायचा आग्रह मी धरतो त्याला कारण मोगली एरंड आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाने त्याच्या बियांच्या जोरावर २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळण्याचं स्वप्न मांडलं. झाड पडीक जमिनीत तगलं, पण तिथे सांगितलेलं बी काही देईना.

सडक्या भाजीचं गणित वेगळं. तिच्यावर अळी शेणापेक्षा चांगली पोसते, पण तिथेही मला तेल जाळणं पटत नाही. वाळलेल्या अळीत चरबीहून प्रथिनं सहसा जास्त असतात. युरोपीय संघाने कीटकांची प्रथिनं २०१७ मध्ये माशांच्या आणि २०२१ मध्ये कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात चालवून घेतली. अट अशी की अळ्या शेणावर वा हॉटेलच्या उष्ट्यावर वाढवलेल्या नसाव्यात. इंधनाची खरी जागा इथे सापडते: मैल्यावर वाढलेली, कुणालाही खाऊ घालता न येणारी जी अळी, तिचं डिझेल करावं. बाजारातल्या टाकाऊ पण निव्वळ भाजीपाल्यावरची अळी मात्र मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या मत्स्यबीजाला द्यावी. ते तलाव ज्या ढीवरांच्या सोसायट्या राखतात, त्यांना अळी राखायला शिकवण्याची गरज नाही. सावली तेवढी दाट हवी, कारण चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि या अळीला तिशीच्या आतबाहेरची उष्णता मानवते.

तेव्हा मूलच्या वाचकांनी शेण गोबरगॅसला द्यावं. अळ्यांच्या डिझेलची योजना घेऊन कुणी गावात आलं, तर एका लिटरमागे ओला कचरा किती किलो आणि अळ्या वाळवायला जळण किती, एवढं ग्रामसभेत विचारावं आणि आकडे लिहून घ्यावेत.