अर्जातला तो रकाना

दोन वर्षांपूर्वी माझी मावसबहीण साताऱ्याहून एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. पिशवीत तिच्या मुलाच्या वैद्यकीय प्रवेशाची कागदपत्रे होती. नीट पार पडली होती, यादीत नाव लागले होते, घोडे अडले होते एका स्वयंघोषणापत्रावर. 'मला कोणत्याही न्यायालयाने कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरवलेले नाही' असे छापील वाक्य आणि खाली सहीची रेघ.

"दादा, सही करू दे का त्याला?" तिने विचारले. "दंड झाला होता फक्त. दंड म्हणजे काही शिक्षा नव्हे ना?"

मी वकील नाही. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून बावीस वर्षे काढली, त्यातली बरीचशी कायद्याच्या पुस्तकांवर. कलमातला स्वल्पविराम चुकला तर अर्थ फिरतो, म्हणून कलम समजून घ्यायची सवय लागली, ती नोकरी सुटली तरी सुटली नाही. नातेवाईक त्यामुळे मला अर्धा वकील समजतात आणि फी देत नाहीत.

प्रकरण साधे होते. विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांच्या पोरांत हाणामारी झाली. भाच्याने एकाला ठोसा लगावला, त्याचा ओठ फाटला. पोलिसांनी अदखलपात्र नोंद करून सोडून दिले, पण त्या मुलाच्या वडिलांनी न्यायालयात खाजगी फिर्याद केली. कलम ३२३, म्हणजे साधी दुखापत. तारखा पडू लागल्या, त्यातच नीटची तयारी. कोणीतरी सल्ला दिला, "गुन्हा कबूल कर, दंड भर, विषय संपव." भाच्याने कबूल केले, पाचशे रुपये भरले, आणि घरी आल्यावर सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली.

विषय तिथे सुरू झाला होता. गुन्हा कबूल केल्यावर न्यायालय आधी दोषी ठरवते, मग दंड लावते. पाचशेचा असो की पन्नासचा, ती दोषसिद्धीच. याउलट कलम ३२३ हा आपसात मिटवता येणारा गुन्हा होता. ज्याला मार बसला त्याने तडजोड मान्य केली, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे तिचा परिणाम थेट निर्दोष मुक्ततेचा. तो मुलगा आणि त्याचे वडील दोन गल्ल्या सोडून राहत होते. एक दिवस चहाला जाऊन माफी मागितली असती, तर कागद कोरा राहिला असता. नव्या संहितांत कलमांचे आकडे बदलले, ही तरतूद तशीच आहे. हे माहीत नसल्यामुळे किती पोरे 'दंड भरून मोकळी' होत असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

आणखी दोन दारे होती. घटनेच्या दिवशी तो अठरा वर्षांच्या आत असता, तर बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम २४ आड आले असते: अशा मुलाला दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठरावीक काळानंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलांना गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून दोषी ठरवले, त्यांचा तेवढा अपवाद. भाच्याला अठरा पूर्ण होऊन दोन महिने झाले होते. दुसरे दार १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचे. दंडाऐवजी समज देऊन सोडले असते, तर त्याच्या कलम १२ ने अपात्रता पुसली असती. पण तशी विनंती कोणी केलीच नाही.

मग मी शोधत बसलो, की हा प्रश्न वैद्यकीय शिक्षणाच्या दारात विचारतात तरी कसा? पहिले हाती लागले ते स्टॉकहोम. २००७ साली तिथल्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने एका तरुणाला वैद्यकशास्त्राला प्रवेश दिला. ही तीच संस्था, जिची सभा वैद्यकाचे नोबेल ठरवते. त्या तरुणाची मुलाखत झाली होती. पण मधली कित्येक वर्षे तो कुठे होता, हे मुलाखतीतून बाहेर आले नाही. तो तुरुंगात होता. नवनाझी गटातल्या या माणसाला ब्योर्न सोडरबर्ग या कामगार कार्यकर्त्याच्या १९९९ सालच्या खुनात अकरा वर्षांची शिक्षा झाली होती. पॅरोलवर सुटला, नाव बदलले आणि अर्ज केला. निनावी पत्रांतून संस्थेला हे कळले तेव्हा तिथे हलकल्लोळ झाला. आणि लक्षात आले की, भोगून झालेल्या शिक्षेवरून विद्यार्थ्याला काढायची सोय स्वीडनच्या कायद्यात नाही. तो खोटे बोलला असेही म्हणता येईना, कारण त्याला कोणी विचारलेच नव्हते. शेवटी जानेवारी २००८ मध्ये त्याला काढले ते वेगळ्याच कारणाने: जुन्या शालेय गुणपत्रकावर त्याने स्वतः नवे नाव घातले होते. खून केलेला माणूस नावाच्या खाडाखोडीत अडकला. पुढे उप्सालाला त्याने पुन्हा प्रवेश मिळवला आणि वाद पुन्हा पेटला. मला त्या माणसाबद्दल तिळमात्र सहानुभूती नाही. पण संस्थेने जे केले त्याला मी न्याय म्हणणार नाही. जे विचारायला हवे होते ते विचारले नाही, आणि मग हाताला लागेल त्या काठीने मारले.

ब्रिटनमध्ये उलटे. तिथे १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा 'संपलेली' मानतात, ती सांगावी लागत नाही. डॉक्टरकी मात्र १९७५ च्या अपवादांच्या यादीत आहे, तिथे संपलेली शिक्षाही सांगायची. २०१३ पासून जुन्या, किरकोळ नोंदी गाळायची सोय झाली. २०१९ च्या प्रवेशापासून तिथल्या सामायिक अर्जातून सरसकट सगळ्यांना विचारला जाणारा गुन्ह्याचा प्रश्न काढला, पण वैद्यकासारख्या अभ्यासक्रमांसाठी तो ठेवला. २००८ मध्ये गाजलेली गोष्ट यातलीच. ब्रॅडफर्डच्या एका गरीब घरातल्या हुशार मुलाला इंपीरियल कॉलेजने जागा देऊ केली. पंधराव्या वर्षी घरफोडीत दोषी ठरल्याचे त्याने आपणहून सांगितले, आणि कॉलेजने देऊ केलेली जागा मागे घेतली. वैद्यकीय नियतकालिकांत दोन्ही बाजूंनी रकाने भरून निघाले. पुढे मँचेस्टर विद्यापीठाने त्याला घेतले. खरे बोलणाऱ्याचे दार एका ठिकाणी बंद झाले आणि दुसऱ्या ठिकाणी उघडले, तेही त्याच कागदावर.

अमेरिकेत सामायिक अर्ज मोठे आणि लहान गुन्हे वेगळे विचारतो आणि खुलाशाला जागा ठेवतो. नुसती अटक विचारत नाही, दोषसिद्धी विचारतो. प्रवेश ठरला की पार्श्वभूमी तपासतात आणि तो अहवाल आधी अर्जदाराला दाखवतात. तिथल्या मराठी घरांत यावरून वेगळाच घोळ होतो. दारू पिऊन गाडी चालवणे बहुतेक राज्यांत गुन्हा, पण न्यू जर्सीत तो वाहतूक नियमाचा भंग. म्हणजे एडिसनच्या मुलाचे खरे उत्तर 'नाही' आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तीच चूक करून दोषी ठरलेल्याचे खरे उत्तर 'हो'. प्रश्नातले शब्द वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये, हे मुद्रितशोधकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे? प्रत्येक विद्यार्थ्याला रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. रॅगिंगवरून आपल्याला कुठल्या संस्थेतून काढलेले नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात २००९ साली रॅगिंगमध्ये एक विद्यार्थी मेला, त्यानंतरची ही कडक व्यवस्था. बाकी गुन्ह्यांचा प्रश्न भाच्याच्या कॉलेजसारखे एखादे कॉलेज आपल्या कागदावर विचारते. खरी चाळणी पुढे आहे: २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातली दोषसिद्धी हे गैरवर्तन आहे. पण शिक्षा झाली म्हणजे दार कायमचे मिटले, असेही नाही. अक्कलकोटच्या पलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफजलपूरचा एक विद्यार्थी २००२ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात पकडला गेला. जन्मठेप झाली, चांगल्या वर्तणुकीवर २०१६ मध्ये सुटला, २०१९ मध्ये एम.बी.बी.एस. पुरे करून त्याने दवाखाना काढला.

लपवण्याबद्दल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितले ते नोकऱ्यांच्या खटल्यांत, पण विचार इथेही लागू पडावा. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या भरतीच्या खटल्यात न्यायमूर्ती काटजूंनी तरुणपणीच्या चुकीकडे उदारपणे पाहावे म्हणताना व्हिक्टर ह्यूगोच्या ज्याँ वालज्याँची आठवण काढली. पाव चोरल्याचा डाग जन्मभर वागवणारा तो माणूस न्यायनिर्णयात आलेला पाहून मला बरे वाटले. पण २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी अधिक काटेकोर मांडणी केली. माहिती खरीच द्यायची. किरकोळ गोष्ट लपवली तर माफ करता येईल, पण तो मालकाचा विवेक. आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचे: प्रश्न नेमका असला पाहिजे, जे स्पष्ट विचारले तेवढेच सांगणे बंधनकारक. भाच्याच्या कागदावरचा प्रश्न नेमका होता. पळवाट नव्हती.

"पाचशे रुपयांसाठी त्याची जागा गेली तर?" बहीण म्हणाली. जाणारच नाही, असे मी सांगू शकलो नाही. एवढेच म्हणालो, की आज गेली तर पाचशेच्या दंडाने जाईल, चौथ्या वर्षी गेली तर खोट्या सहीने जाईल. भाचा इतका वेळ गप्प होता. "मामा, नक्कल कुठे मिळते?" त्याने विचारले.

नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, नऊ दिवस. छापील वाक्यावर काट मारून त्याने खाली स्वतःच्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या: काय झाले, कुठल्या कलमाखाली, किती दंड, कधी भरला, आणि ठोसा मीच मारला होता. शेवटची ओळ मी काढ म्हणालो, त्याने काढली नाही. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "हे कशाला लिहिलंत? कोण बघतंय?" पण कोणीतरी पाहिले. अधिष्ठात्यांनी त्याला बोलावून वीस मिनिटे बसवले. त्या मुलाचा ओठ बरा झाला का, हे त्यांनी विचारले, आणि ते भाच्याला माहीत नव्हते.

प्रवेश मिळाला. त्याच रविवारी तो दोन गल्ल्या सोडून त्या घरी गेला, एकटाच. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे ब्रिटनला जायचे म्हणतो, आणि तिथली जनरल मेडिकल कौन्सिल परदेशातल्या शिक्षाही विचारते. म्हणून निकालाच्या आणखी तीन प्रमाणित प्रती काढून त्याने दहावीच्या गुणपत्रकाच्या पिशवीत ठेवल्या आहेत.